दुरुस्तीचे बिल आणि अडकून पडलेले विमान

लहान खासगी विमानांच्या देखभालीविषयीच्या या सदराकडे इंजिनाच्या तक्रारींपेक्षा बिलाच्या तक्रारी अधिक येतात. अमेरिकेत स्थायिक झालेले आपले काही वाचक जुनी सेस्ना किंवा पायपर बाळगून आहेत, काही जण तेथेच विमानांचे मेकॅनिक म्हणून काम करतात, आणि महाराष्ट्रातील छोट्या संस्थांनाही हे प्रश्न चुकलेले नाहीत. या अंकात दोन्ही बाजूंची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे 1976 सालचे सेस्ना 172 एम जातीचे विमान आहे. ह्यूस्टनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ते वार्षिक तपासणीसाठी दिले, तेव्हा तपासणीचे ठोक 1,600 डॉलर ठरले होते. पुढच्या आठवड्यात मेकॅनिकचा फोन आला की दोन सिलिंडर कमजोर निघाले आहेत. मी ऑफिसच्या गडबडीत ‘जे आवश्यक असेल ते करा’ असे सांगून मोकळा झालो. आता 9,400 डॉलरचे बिल हाती पडले असून त्यात दोन नवे सिलिंडर, त्यांची मजुरी, दोन सर्व्हिस बुलेटिननुसार केलेली कामे आणि ‘किरकोळ साहित्य’ अशा बाबी आहेत. पूर्ण रक्कम दिल्याशिवाय विमान मिळणार नाही, लॉगबुक (विमानाच्या देखभालीची नोंदवही) मिळणार नाही आणि कामाच्या नोंदीवर सहीही होणार नाही, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. एफएएकडे (अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाकडे) तक्रार करावी काय?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : आपल्या पत्रात एकाच दमात मांडलेले प्रश्न प्रत्यक्षात तीन आहेत. विमान उड्डाणयोग्य आहे की नाही, हा पहिला प्रश्न. बिल किती रास्त आहे, हा दुसरा. आणि पैसे मिळेपर्यंत विमान कोणाच्या ताब्यात राहावे, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर एफएएच्या नियमांत मिळते, दुसऱ्याचे तुमच्या दोघांतील करारात, आणि तिसऱ्याचे टेक्सास राज्याच्या कायद्यात. हे प्रश्न एकमेकांवर शस्त्रासारखे उगारले की वाद चिघळतो, आणि आपला मेकॅनिक सध्या तेच करत आहे. एफएएकडे तक्रारीची धमकी देऊन आपणही तेच करू नये, कारण कामाचे पैसे किती आणि कोणी द्यायचे या वादात ती संस्था पडत नाही. कामच नियमाप्रमाणे झाले नसेल किंवा नोंद खोटी असेल, तर मात्र तिच्या स्थानिक कार्यालयाला त्यात जरूर लक्ष घालावे लागते.

उड्डाणयोग्यतेपासून सुरुवात करू. संघीय हवाई नियमांच्या भाग 91 मधील कलम 91.403 प्रमाणे विमान उड्डाणयोग्य स्थितीत ठेवण्याची मुख्य जबाबदारी मालकाची किंवा चालकाची असते, मेकॅनिकची नव्हे. वार्षिक तपासणी दर बारा कॅलेंडर महिन्यांत व्हावी लागते, आणि ती करण्यासाठी मेकॅनिककडे नेहमीच्या परवान्याबरोबर तपासणीचा वेगळा अधिकार असावा लागतो. परंतु तपासणी आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बहुतेक मालकांचे नुकसान नेमके येथेच होते. तपासणीत दोष सापडले म्हणून ते त्याच वर्कशॉपकडून दुरुस्त करून घ्यावेत, असे कोणताही नियम सांगत नाही. त्याच नियमांच्या भाग 43 मधील कलम 43.11 नुसार तपासनीस ‘तपासणी पूर्ण झाली, विमान उड्डाणयोग्य आढळले नाही, दोषांची यादी मालकास दिली’ अशी नोंद करून सही आणि तारीख घातलेली यादी मालकाच्या हाती देऊ शकतो. त्यानंतर त्या यादीतील दोष दुसरा परवानाधारक मेकॅनिक दूर करू शकतो. मोठ्या स्वरूपाची दुरुस्ती नसेल, तर त्याच्याकडे तपासणीचा वेगळा अधिकार असण्याचीही गरज नसते आणि वार्षिक तपासणी नव्याने करावी लागत नाही. विमान उडवून दुसरीकडे न्यायचे असेल, तर विशेष उड्डाण परवाना मागता येतो. पहिला फोन आला त्या दिवशी आपण ही यादी मागितली असती, तर सिलिंडरांबाबत दुसरे मत घेण्याची संधी मिळाली असती.

सिलिंडर आता बसवून झाले आहेत, तेव्हा कलम 43.9 लागू होते. ज्याने काम केले त्याने कामाचे वर्णन, तारीख, नाव, सही, परवान्याचा क्रमांक आणि प्रकार यांची नोंद करायची असते, आणि ‘पैसे मिळाल्यास’ अशी अट त्या कलमात नाही. मात्र जे काम अपुरे आहे किंवा ज्याबद्दल मेकॅनिकचे समाधान झालेले नाही, त्यावर त्याला सही करायला भाग पाडता येत नाही आणि तसा आग्रह धरणेही योग्य नाही. म्हणून त्याला लेखी विचारावे : ‘केलेल्या कामाची नोंद आपण पैशांसाठी थांबवली आहे, की काम अपुरे आहे म्हणून?’ या प्रश्नाचे लेखी उत्तर हाती असले की पुढची पावले टाकणे सोपे जाते.

आता बिल पाहू. सिलिंडर खरोखर बदलायला हवे होते का, हे तपासून पाहता येते. आपल्या विमानातील लायकॉमिंग ओ-320 इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन गरम असताना चौरस इंचाला 80 पौंड दाबाची हवा सोडून किती दाब टिकतो ते पाहतात, आणि म्हणूनच लॉगबुकात 74/80 किंवा 58/80 असे आकडे आढळतात. सर्व सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे असावेत, ही अपेक्षा असते. या इंजिनांच्या बाबतीत 60 च्या खाली गेलेला आकडा हा सिलिंडर काढून पाहण्याचा इशारा समजतात. परंतु एकदा कमी आकडा आला म्हणून लगेच पान्हा हाती घ्यायचा नसतो. इंजिन पुन्हा चालवून किंवा विमान उडवून आणून चाचणी परत करावी, आणि गळणारी हवा कोठून फुसफुसते ते ऐकावे. एक्झॉस्टच्या नळीतून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय येतो, कार्ब्युरेटरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्हवर, आणि तेल भरण्याच्या नळीतून आला तर पिस्टनच्या कड्यांवर. व्हॉल्व्हची किरकोळ गळती काही वेळा सिलिंडर न काढताही दुरुस्त होते. तेव्हा चाचणीचे आकडे, पुन्हा केलेल्या चाचणीचे आकडे, बोअरस्कोपची (सिलिंडरच्या आत पाहण्याच्या बारीक कॅमेऱ्याची) छायाचित्रे आणि काढलेले जुने सिलिंडर या चारही गोष्टी मागाव्यात. त्या दाखवता आल्या आणि आकडे खरोखर वाईट असले, तर सिलिंडरांचे पैसे द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ‘जे आवश्यक असेल ते करा’ ही आपण दिलेली परवानगीच होती. रक्कम ठरली नव्हती, म्हणून काम फुकट होत नाही. न्यायालय अशा वेळी त्या भागातील रास्त आणि प्रचलित मोबदला किती, हे पाहते. आपल्याला भांडता येईल ते तासांवर आणि दरावर.

जुने सिलिंडर मागण्याचे आणखी एक कारण आहे. नवा भाग देताना पुरवठादार जुन्या भागापोटी ‘कोअर’ची रक्कम आकारतो आणि जुना, दुरुस्त होण्याजोगा भाग परत मिळाला की ती वळती करतो. ही वळती झालेली रक्कम मालकाच्या बिलापर्यंत पोहोचलेली नाही, असे प्रकार मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारे यंत्र), स्टार्टर आणि अल्टरनेटरच्या बिलांतही घडतात. बहुधा त्यात लबाडी नसते, वर्कशॉपच्या हिशेबातली ढिलाई असते. पण पैसे आपले असतात.

सर्व्हिस बुलेटिनच्या बाबतीत आपली बाजू सर्वांत भक्कम आहे. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे रोजच्या भाषेतील ‘एडी’, ही एफएएची आज्ञा असते आणि ती पाळल्याशिवाय विमान उडवता येत नाही. उदाहरणार्थ, सेस्नाच्या आसनांच्या रुळांची तपासणी सांगणारी 2011-10-09 क्रमांकाची एडी दर 100 तासांनी किंवा 12 महिन्यांनी पाळावी लागते, आणि तिची मजुरी बिलात असेल तर कुरकुर करू नये. सर्व्हिस बुलेटिन मात्र उत्पादकाची सूचना असते. तिच्या माथ्यावर ‘अनिवार्य’ असे छापलेले असले, तरी भाग 91 खाली उडणाऱ्या खासगी विमानाला ती केवळ त्या शब्दामुळे बंधनकारक होत नाही. एखाद्या एडीने तिचा आधार घेतला असेल तर गोष्ट वेगळी. इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी (पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीसाठी) उत्पादकाने सुचवलेल्या 2,000 तासांचेही तसेच आहे. बुलेटिन पाळणे अनेकदा शहाणपणाचे असते, पण तो निर्णय मालकाने घ्यायचा असतो, आणि न विचारता केलेले ते काम ‘आवश्यक’ या शब्दात सहज बसत नाही. या दोन बाबींवर लेखी हरकत घ्यावी.

राहिला ताबा. टेक्सासच्या मालमत्ता संहितेच्या 70 व्या प्रकरणाप्रमाणे विमानाची दुरुस्ती, देखभाल किंवा साठवण करणाऱ्याला आणि इंधन पुरवणाऱ्याला त्या विमानावर लिएन, म्हणजे थकलेल्या पैशांपोटीचा हक्क, मिळतो आणि पैसे मिळेपर्यंत विमान ताब्यात ठेवता येते. म्हणजे विमान अडवण्यात मेकॅनिकने कायदा मोडलेला नाही. दुसरी किल्ली घेऊन रविवारी सकाळी विमान हळूच उडवून आणण्याचा सल्ला देणारे मित्र आपल्यालाही भेटतील. त्यांचे ऐकू नये. सहीविना उडालेले विमान हा नियमभंग आहे, विमा कंपनीच्या हातीही ते आयते कारण पडेल, आणि लिएन त्यामुळे नाहीसा होत नाही.

माझा सल्ला असा. तपासणीची ठरलेली रक्कम आणि पुरावा पटल्यास सिलिंडरांची रक्कम ताबडतोब देऊ करावी, तीही ई-मेलने, म्हणजे आपण पैसे बुडवत नाही हे कागदावर राहील. उरलेल्या रकमेवर तडजोड झाली नाही आणि विमान तातडीने हवे असेल, तर ‘हरकत कायम ठेवून’ असे पावतीवर लिहून ती रक्कमही भरावी, विमान, लॉगबुक आणि नोंदी ताब्यात घ्याव्यात, आणि मग वादग्रस्त रकमेसाठी जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या स्थानिक न्यायालयात, जावे. टेक्सासमध्ये तेथे 20,000 डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि वकिलावाचून काम भागू शकते. क्रेडिट कार्डाने भरल्यास आणखी एक वाट राहते. बिलातील चुकीबद्दल कार्ड कंपनीला पहिल्या विवरणपत्रापासून 60 दिवसांत लेखी कळवता येते. कामाच्या दर्जाबद्दलची तक्रार मात्र तेवढ्याच रकमेपुरती चालते जी अद्याप कार्डाच्या खात्यावर बाकी आहे, आणि त्याआधी मेकॅनिकशी प्रामाणिकपणे बोलणी केलेली असावी लागतात.

यापुढे मूळ लॉगबुके वर्कशॉपमध्ये ठेवू नयेत. आधी प्रत्येक पानाची स्कॅन केलेली प्रत करावी, तपासणीपुरती मूळ वही दाखवावी आणि परत आणावी. नोंदी सांभाळण्याची आणि मागितल्यास एफएएला दाखवण्याची जबाबदारी कलम 91.417 ने मालकावर टाकली आहे, आणि लॉगबुके हरवलेले विमान विकायला काढले की गिऱ्हाईक किंमत पाडूनच मागते.

प्रश्न : मी सॅन अँटोनियो येथे परवानाधारक विमान-मेकॅनिक आहे आणि एकट्याने व्यवसाय करतो. एका मालकाने मॅग्नेटो आणि ब्रेकच्या कामाचे 3,200 डॉलर धनादेशाने दिले. मी नोंद करून सही केली, विमान त्यांनी नेले आणि धनादेश वटला नाही. आता ते फोनही उचलत नाहीत. मी माझी सही रद्द करतो असे एफएएला आणि मालकाला कळवले, तर दबाव येईल का?
— एक मेकॅनिक वाचक

उत्तर : दबाव येईल, पण तो आपल्यावर. सही केली त्या दिवशी काम नियमाप्रमाणे झालेले होते, हे त्या नोंदीचे विधान आहे, आणि धनादेश न वटल्याने मॅग्नेटो बिघडत नाही. खरी नोंद पैशांसाठी खोटी ठरवायला निघालात, तर पुढच्या चौकशीत आपल्या प्रामाणिकपणाविषयीच प्रश्न उभा राहील, आणि परवाना ही आपली एकमेव पुंजी आहे.

आपल्या हातात याहून चांगला उपाय आहे. टेक्सासच्या त्याच 70 व्या प्रकरणाप्रमाणे विमान हातातून गेल्यावरही आपला हक्क आपोआप संपत नाही. न वटलेल्या धनादेशाच्या बदल्यात ताबा सोडला असल्यास तो परत मिळवण्याची तरतूद आहे. परंतु मधल्या काळात विमान एखाद्या अनभिज्ञ खरेदीदाराला विकले गेले, तर आपली बाजू कमजोर होते. म्हणून शेवटच्या कामापासून 180 दिवसांच्या आत ओक्लाहोमा सिटीतील एफएएच्या विमान नोंदणी कार्यालयात लिएनची नोंद करावी. अमेरिकेत विमान विकत घेणारा शहाणा माणूस पैसे देण्यापूर्वी तेथील नोंदी तपासून घेतो, त्यामुळे ही नोंद झाली की विक्री अडते, आणि फोन न उचलणारे मालक स्वतःहून फोन करू लागतात. ताबा परत घेताना झटापट किंवा हँगरचे कुलूप तोडणे असे काही घडू देऊ नये. ते पाऊल वकिलामार्फत टाकावे. सर्व राज्यांत असे नाही, हेही लक्षात ठेवावे : काही ठिकाणी ताबा सोडला की लिएन संपतो, आणि अशा राज्यात काम घेताना खात्यात रक्कम जमा झाल्यावरच किल्ली द्यावी.

आणि एक विनंती. पुढच्या ग्राहकाशी फोनवर बोलणे झाले की दोन ओळींचा संदेश पाठवत जा : सापडलेला दोष, अंदाजे तास, भागाची किंमत आणि ‘मंजूर असल्यास उत्तर द्यावे’. वरच्या पत्रातील ह्यूस्टनच्या मेकॅनिकने एवढे केले असते, तर त्यालाही ते पत्र वाचावे लागले नसते.

प्रश्न : आमच्या छोट्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने आम्ही एकाच दुरुस्ती संस्थेकडे देतो. पहिल्या विमानाच्या बिलावर वाद आहे, पण ते विमान आमच्याकडे परत आलेले आहे. दुसऱ्या विमानाचे बिल आम्ही पूर्ण भरले, तरी पहिल्याच्या थकबाकीपोटी त्यांनी ते रोखून धरले आहे. आमच्या करारात बिलासाठी 30 दिवसांची उधारी आहे. ग्राहक न्यायालयात जावे का? 2025 चा विमानविषयक नवा कायदा आम्हाला लागू होतो का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : भारतात या प्रश्नाचे उत्तर विमानविषयक कायद्याऐवजी 1872 च्या भारतीय करार अधिनियमात सापडते. कलम 170 प्रमाणे सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू राखून ठेवता येते. कायद्यातच दोन उदाहरणे दिली आहेत. पैलू पाडण्यासाठी दिलेला हिरा जवाहिऱ्याला पैसे मिळेपर्यंत ठेवून घेता येतो; पण तीन महिन्यांची उधारी कबूल करून कोट शिवणाऱ्या शिंप्याला तो कोट अडवता येत नाही. आपल्या 30 दिवसांच्या उधारीची जागा या दुसऱ्या उदाहरणाशेजारी आहे.

शिवाय कलम 170 चा हक्क ज्या वस्तूवर काम झाले तिच्यापुरताच असतो. एका वस्तूच्या थकबाकीसाठी दुसरी वस्तू रोखण्याचा सर्वसाधारण हक्क कलम 171 ने बँका, अडते, माल उतरवण्याचे धक्के चालवणारे, उच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल यांनाच दिला आहे. दुरुस्ती करणारे त्या यादीत नाहीत. करारात तसे स्पष्ट कलम असेल तरच त्यांना तो मिळतो. तेव्हा करार ओळीने वाचावा, बारीक अक्षरातील अटींसह. तसे कलम नसेल, तर दुसरे विमान रोखण्याला आधार नाही, आणि वकिलाच्या नोटिशीत ही दोन्ही कलमे नमूद करावीत. कलम 170 हा ताब्यापुरता हक्क आहे. त्यातून विमान विकून पैसे वसूल करण्याचा अधिकार मिळत नाही, हेही त्या नोटिशीत लिहिणे उपयोगी पडेल.

ग्राहक न्यायालयाची वाट बहुधा बंद आहे, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. 2025 चा कायदा विमानांवरील आर्थिक हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय केप टाउन करारावर आधारलेला असून तो चालकवर्गासह किमान आठ माणसे किंवा 2,750 किलोंपेक्षा अधिक माल नेऊ शकणाऱ्या विमानांसाठी आहे. आपली दोन आणि चार आसनी विमाने त्यात येत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयही, एफएएप्रमाणेच, बिलाच्या रकमेवर निवाडा देत नाही.

आपल्या बाजूनेही एक सावधगिरी हवी. ती दुरुस्ती संस्था सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे तिचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत, द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते. सेवेबद्दलची हरकत 15 दिवसांत लेखी घेतलेली असेल तर मुदतीची मोजणी ती हरकत दूर झाल्यापासून होते, आणि तोंडी कुरबुरीला येथे काहीच किंमत नाही. म्हणून पहिल्या विमानाच्या बिलातील ज्या बाबी मान्य आहेत त्यांचे पैसे आजच भरावेत आणि उरलेल्या बाबींवरील हरकत जॉब कार्डाच्या क्रमांकासह पत्राने कळवावी. वाद केवळ तासांच्या मोजणीचा असेल, तर दोन्हीकडच्या अभियंत्यांनी जॉब कार्डे समोर ठेवून एक दुपार एकत्र बसावे; वकिलाच्या फीपेक्षा ते स्वस्त पडते.

प्रश्न : बिल कमी व्हावे म्हणून माझ्या पायपर चेरोकीचे इंजिन ऑइल मी स्वतः बदलले तर चालेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चालेल. आपल्याकडे किमान खासगी वैमानिकाचा परवाना असेल आणि विमान व्यावसायिक वाहतुकीत नसेल, तर भाग 43 च्या परिशिष्ट अ मधील प्रतिबंधक देखभालीची कामे आपल्याला करता येतात : ऑइल, स्पार्क प्लग, चाकांचे टायर, बॅटरी आणि लँडिंग लाइटचे दिवे बदलणे ही त्यांतील नेहमीची. वार्षिक तपासणीच्या वेळी मेकॅनिकच्या देखरेखीखाली झाकणे उघडणे, आसने काढणे, साफसफाई करणे हेही करता येते. मात्र हे दर ठरवण्यापूर्वीच विचारावे, कारण मालक हँगरमध्ये असला की काम लांबते, असा पुष्कळ मेकॅनिकांचा अनुभव आहे आणि तो अगदीच खोटा नाही. ऑइल बदलल्यावर लॉगबुकात कामाचे वर्णन, तारीख, सही आणि आपल्या वैमानिक परवान्याचा क्रमांक व प्रकार लिहावा.